एक किलवर झालं, आता पुढे काय?

मागच्या भागात आपण स्ट्राँग क्लब म्हणजे काय ते पाहिलं. त्यावर बहुतेकांचा प्रश्न एकच होता: भिडूनं ‘एक किलवर’ म्हटल्यावर पुढे बोलायचं काय? आज तेवढंच.

आधी पटकन उजळणी. एक्क्याचे ४ गुण, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. प्रिसिजन पद्धतीत ‘एक किलवर’ म्हणजे माझ्याकडे १६ किंवा जास्त गुण आहेत. किलवर हातात असतील, नसतील, त्याचा इथे संबंधच नाही. म्हणूनच त्यावर पास म्हणायचं नाही. हातात शून्य गुण आणि सहा किलवर असले, तरीसुद्धा नाही!

ही कल्पना जुनी आहे. १९२५ मध्ये कॉन्ट्रॅक्ट ब्रिजला आजचं रूप देणाऱ्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्टचीच पद्धत स्ट्राँग क्लबची होती. पुढे सी. सी. वेई यांनी प्रिसिजन रचली. ती खेळून तैवानचा संघ १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ दोन वर्षं बर्म्युडा बोलच्या अंतिम फेरीत पोचला. दोन्ही वेळा हरला, पण तोवर ब्रिजजगत ही पद्धत शिकायला लागलं होतं.

या पद्धतीत एवढं काय आहे? माझ्या मते, जागा. एक किलवर ही लिलावातली सगळ्यात खालची बोली. तिथपासून चार इस्पिकपर्यंत मध्ये १७ बोल्या उरतात. म्हणजे सतरा वाक्यं. आणि ब्रिजमध्ये भिडूशी बोलायला दुसरी भाषाच नाही. मेंढीकोटमध्ये आपण डोळे मिचकावतो, खोकतो, पत्ता आपटतो. इथे तसलं काही केलं तर ती सरळ लबाडी ठरते.

आता एक डाव घेऊ. कागद-पेन असेल तर लिहून घ्या. माझे पत्ते: इस्पिक एक्का, राजा, गुलाम, नव्वी, चव्वी. बदाम एक्का, छक्की. चौकट राजा, राणी, पंजी. किलवर अठ्ठी, सत्ती, तिर्री. एकूण १७ गुण. मी म्हणतो, एक किलवर.

पहिली शक्यता. भिडूकडे सगळे मिळून ४ गुण. तो म्हणतो, एक चौकट. याचा चौकटशी संबंध नाही. अर्थ एवढाच, की माझ्याकडे ० ते ७ गुण आहेत. मी म्हणतो, एक इस्पिक. म्हणजे पाच इस्पिक आहेत, पण पत्ते अफाट नाहीत. भिडू पास. संपलं! दोघांचे मिळून २१ गुण, सात हात करायचे, बरोबर जागी थांबलो.

नवीन खेळाडूंना नेमकं हेच जड जातं. भिडू एवढा जोरात आहे, आपण लगेच पास कसं म्हणायचं? पण आपल्याकडे नाही हे एकदा स्पष्ट सांगितलंत, की पुढची जबाबदारी भिडूची. त्याला खरंच गेम हवा असेल, तर तो एकऐवजी दोन इस्पिक म्हणेल. त्याचा अर्थ, मी फार जोरात आहे, थांबू नकोस.

दुसरी शक्यता. भिडूचे पत्ते: इस्पिक राणी, सत्ती, तिर्री. बदाम राजा, राणी, दश्शी, अठ्ठी, पंजी. चौकट एक्का, छक्की. किलवर नव्वी, चव्वी, दुर्री. ११ गुण. तो म्हणतो, एक बदाम. म्हणजे ८ किंवा जास्त गुण, पाच बदाम आणि गेमच्या आत कुणीही थांबायचं नाही.

इथे खरी मजा सुरू होते. गेम पक्का झालाय, मग उडी कशाला मारायची? मी एक इस्पिक म्हणतो. तो दोन इस्पिक म्हणतो: तीन इस्पिक आहेत, हुकूम ठरला. आता मी तीन चौकट म्हणतो. हुकूम ठरल्यावर अशी बोली सांगते, की या रंगात माझ्याकडे एक्का किंवा राजा आहे. आणि मी किलवर ओलांडून चौकटवर गेलो, म्हणजे किलवर माझ्याकडे रोखलेलं नाही. भिडू आपले किलवर बघतो. त्याच्याकडेही काही नाही. तो चार इस्पिक म्हणतो, मी पास. विरोधक किलवरचे पहिले तीन हात सरळ उचलू शकतात. बाकीचे दहा आपले. चार इस्पिकला दहाच लागतात!

तिसरी शक्यता. भिडूचे इस्पिक आणि बदाम तेच. फक्त चौकट एक्का, छक्की, चव्वी, दुर्री आणि किलवरची एकटी नव्वी. गुण तेवढेच, ११. पण आता माझ्या एक इस्पिकवर तो उडी मारून चार किलवर म्हणतो. अर्थ आधीच ठरलेला: इस्पिकला साथ आहे आणि किलवरचा एकच पत्ता आहे. मी बघतो, तर माझे सतराच्या सतरा गुण किलवरच्या बाहेर. म्हणजे एकही गुण वाया गेलेला नाही. एक्के विचारून सहा इस्पिक. किलवरचा एक हात द्यायचा, एक किलवर भिडूच्या हुकुमानं कापायचं, उरलेलं भिडूच्या बदामावर टाकायचं. इस्पिक फारच वाईट वाटले गेले नसतील तर बारा हात.

बघा, गुण दोन्ही वेळा २८. एकदा दहा हात, एकदा बारा. नुसती बेरीज करून दोघांपैकी कुणीही एकदम चार इस्पिकवर उडी मारली असती, तर हा फरक कळलाच नसता.

पण विरोधकही कच्चे नसतात. तुमच्या एक किलवरवर ते कमजोर पत्ते घेऊनही मुद्दाम दोन इस्पिक म्हणतील. तुमच्या १७ पैकी ८ बोल्या एका फटक्यात गेल्या! म्हणून करार आधीच हवा. एक साधा करार असा: पास म्हणजे ० ते ४ गुण, डबल म्हणजे ५ ते ७, आणि स्वतःचा रंग सांगितला तर ८ किंवा जास्त. तुम्ही दुसरा काही ठरवलात तरी चालेल. पण टेबलावर बसल्यावर ठरवायला वेळ नसतो, आणि भिडूच्या मनातलं ओळखण्याच्या भानगडीत तर पडूच नका.

शेवटची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमचे करार गुप्त नसतात. टेबलावर भिडूनं ‘अलर्ट’ म्हणायचं असतं. ब्रिज बेस ऑनलाइनवर खेळत असाल, तर आपल्या बोलीचा अर्थ आपणच लिहायचा. विरोधकानं विचारलं, तर ठरलेलं सगळं सांगायचं. पत्ते लपवायचे, भाषा नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ. भिडूला फोन लावा आणि तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. एक चौकट म्हणजे किती गुण? उडी मारली तर अर्थ काय? विरोधक मध्ये पडले तर पास आणि डबलचा अर्थ काय? दोघांचे कागद जुळले, की खुशाल एक किलवर म्हणा. भेटू पुढच्या भागात!