जोडणे आणि वेगळे राखणे



वसंतातील संध्याकाळी काव्य किंवा इतिहास यांची चर्चा शोभून दिसते. संगणकांच्या साठ्याची जाळी एकमेकांस कशी जोडावी, हा आमचा विषय त्यामानाने रुक्ष आहे, हे आम्ही आरंभीच कबूल करतो. परंतु आपले बँकेतील खाते आणि रुग्णालयातील क्ष-किरणांची चित्रे बहुधा अशाच एखाद्या जाळ्यातून ये-जा करीत असतात. तेव्हा त्या जाळ्याची वीण कशी असते, हे जाणून घेण्याचा आपल्याला हक्क आहे.

मोठ्या कार्यालयात माहिती प्रत्येक संगणकाच्या पोटात ठेवीत नाहीत. ती वेगळ्या साठ्यात ठेवतात आणि अनेक सर्व्हर त्या साठ्यापर्यंत काचेच्या तंतूंनी पोचतात. या वाहतुकीसाठी 'फायबर चॅनेल' नावाची पद्धत आहे. तिच्यावरील काम 1988 साली सुरू झाले आणि 1994 साली अमेरिकेत ती प्रमाण म्हणून मान्य झाली. सर्व्हर आणि साठा यांच्यामध्ये जे यंत्र बसते ते स्विच होय. एका स्विचला 24 तोंडे असली, तर पंचविसावा सर्व्हर आला की दुसरा स्विच घ्यावा लागतो, आणि मग दोन स्विच एकमेकांस जोडावे लागतात. अशा जोडलेल्या स्विचांच्या समूहाला फॅब्रिक, म्हणजे वस्त्र, असे नाव आहे.

दोन स्विचांमध्ये तार लावली म्हणजे काम झाले, असे वाटेल. तसे नाही. तार लागताच ते आपसांत बोलणी सुरू करतात. पहिला प्रश्न वडीलकीचा. ज्याचा अग्रक्रम वरचा तो मुख्य ठरतो. अग्रक्रम सारखे असले तर कारखान्यातून मिळालेला ज्याचा ओळख-क्रमांक लहान, तो मुख्य. हा मुख्य स्विच इतरांना क्रमांक वाटून देतो. हे क्रमांक 1 पासून 239 पर्यंतच असतात, आणि त्यांवरूनच प्रत्येक पुडक्याचा पत्ता ठरतो. आता, आधीच चालू असलेली दोन फॅब्रिके जोडली आणि दोन्हींत 5 क्रमांकाचा स्विच असला, तर काय होईल? एकाच नावाची दोन गावे एकाच टपाल कचेरीच्या माथी मारल्यासारखे होईल. म्हणून स्विच ती जोडणीच नाकारतात. तार जागेवर दिसते, पण तिच्यातून काही जात नाही.

दुसरा प्रश्न वेगाचा. या जाळ्यात पुडके वाटेत टाकून देणे परवडत नाही. म्हणून पलीकडच्या टोकाला जितकी जागा मोकळी आहे तितकीच पुडकी पाठवायची, असा नियम आहे. विहिरीवर माणसांची रांग करून घागरी पुढे सरकवतात, तेव्हा पुढच्याचे हात रिकामे झाल्यावाचून आपण घागर देत नाही, तसेच हे. काचेतून प्रकाशाला एक किलोमीटर जाण्यास सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात, आणि 'जागा झाली' हा निरोप परत येण्यास तितकेच. सेकंदाला 8 अब्ज बिटांच्या वर्गातील दुव्यावर एवढ्या अवधीत मोठ्यात मोठी सुमारे 4 पुडकी निघू शकतात. म्हणजे स्विच 10 किलोमीटर दूर असेल तर 40 पुडक्यांची जागा हवी. ती नसेल, तर तार कितीही चांगली असली तरी पाठवणारा निरोपाची वाट पाहत स्वस्थ बसून राहतो.

तिसरा प्रश्न आकाराचा. दहा स्विच असतील आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचे म्हटले, तर 45 तारा लागतात. प्रत्येक तार दोन तोंडे खाते. म्हणजे 240 तोंडांपैकी 90 आपसांतच खर्ची पडली! उलट एका माळेत ओवले, तर 9 तारांत भागते, पण मधली एक तार तुटली की माळेचे दोन तुकडे होतात. म्हणून दोन स्विच मध्यभागी ठेवून उरलेल्या आठांपैकी प्रत्येकाला त्या दोघांशी जोडतात. तारा 16, तोंडे 32, आणि कोणताही कडेचा स्विच दुसऱ्यापासून दोनच पावलांवर. मात्र कडेच्या स्विचवर 22 सर्व्हर लावले आणि मध्याकडे जाण्यास दोनच तारा असल्या, तर एकेका तारेवर अकरा जणांचा भार येतो, हे विसरता येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. कोणत्या सर्व्हरने कोणता साठा पाहावा, याची एक यादी असते. तिला झोनांची यादी म्हणतात. ही यादी एका स्विचवर अमलात आणली की ती त्या फॅब्रिकमधील सर्व स्विचांवर लागू होते. सोय मोठी, पण चूकही तितक्याच वेगाने सर्वत्र पोचते. म्हणूनच जाणते लोक दोन स्वतंत्र फॅब्रिके विणतात. प्रत्येक सर्व्हरची एक तार पहिल्यात, एक दुसऱ्यात; साठ्याचेही तसेच. आणि या दोन फॅब्रिकांमध्ये एकही तार लावीत नाहीत.

एका कार्यालयात आम्ही याचा धडा घेतला. तेथील एका मेहनती तरुणाला दोन स्विच शेजारी-शेजारी दिसले. दोघांची तोंडे मोकळी होती, मध्ये तार नव्हती. कोणी तरी विसरले असावे, असे समजून त्याने ती लावली. क्रमांक वेगळे होते, याद्यांतील नावेही वेगळी होती. स्विचांनी कुरकुर न करता एकमेकांना स्वीकारले. काही महिने सारे सुरळीत चालले. मग एका संध्याकाळी पहिल्या फॅब्रिकची यादी दुरुस्त करून लागू करण्यात आली. तिच्यात दुसऱ्या फॅब्रिकच्या ओळी नव्हत्याच. त्या क्षणात पुसल्या गेल्या. शिवाय दुरुस्ती करताना एका साठ्याची ओळ चुकून राहून गेली होती. फॅब्रिके वेगळी असती तर त्या साठ्याची एक वाट बंद होऊन दुसरी चालू राहिली असती. त्या दिवशी दोन्ही बंद झाल्या आणि काम ठप्प झाले.

त्या तरुणाला दोष देण्यास आम्ही तयार नाही. जाळ्याचा नकाशा काढणाऱ्यांत आम्ही होतो. कोठे तार आहे हे आम्ही नीट दाखवले होते. कोठे ती नसावी आणि का नसावी, हे कोठेच लिहिले नव्हते. कामसू माणसाला मोकळी जागा दिसली की ती भरावीशी वाटणारच. तेव्हापासून आमच्या नकाशात दोन फॅब्रिकांच्या मध्ये एक जाड रेघ असते आणि तिच्यावर कारणासह लिहिलेले असते, की येथे जोडू नये.

श्रोतेहो, स्विच जोडण्याची विद्या पुस्तकांतून शिकता येते. क्रमांक तपासावेत, अंतर मोजावे, भार वाटावा, याद्या ताडून पाहाव्यात. पण ज्यांच्यासाठी हे जाळे विणायचे, त्यांचे व्यवहार एका हाताच्या एका चुकीवर अवलंबून राहू नयेत, ही काळजी त्याहून आधीची आहे. ती तारेने घेता येत नाही. न लावलेल्या तारेने घ्यावी लागते.