ती आली का नाही?

‘बाईशे श्रावण’ (२०११) या बंगाली सिनेमात एकामागून एक खून पडतात आणि खुन्यासाठी पोलीस जंग जंग पछाडतात. आपल्या वाईची गोष्ट वेगळी. जून २०१६मध्ये एक अंगणवाडी सेविका बेपत्ता झाली. ऑगस्टमध्ये धोमला खणलं, तर आणखीही मृतदेह निघाले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार २००३पासून सहा खून, त्यात पाच बायका.

बाई दिसेनाशी झाली की लोक म्हणतात, “गेली असेल कुणाबरोबर.” या बोलण्याआड खुनी लपतो.

म्हणून सातारा-सांगलीतल्या आम्ही गटाच्या बायकांनी ठरवलंय : बैठकीला न आलेलीच्या घरी त्याच दिवशी जायचं. पत्ता नसेल तर चोवीस तास थांबायचं नाही. तक्रार लगेच देता येते. ११२ लावा. हजेरीवही नुसती सह्यांसाठी नाही, बायांनो.