लोहाची गोळी अंगी लागावी म्हणून

गटाच्या बैठकीत हा प्रश्न नेहमी येतो: "ताई, गोळ्या घेतल्या, पालेभाजी खाल्ली, तरी रक्त का वाढत नाही?"

पोटात गेलेलं सगळंच लोह अंगी लागत नाही. भाजी, बाजरी, डाळ यांतल्या लोहाचा थोडाच भाग आतड्यातून रक्तात जातो. त्यात जेवणावर लगेच चहा प्यायला, की चहातला तुरट अंश लोहाला धरून ठेवतो आणि ते तसंच शौचावाटे जातं. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व मात्र लोह शोषायला मदत करतं. म्हणून मेथीच्या भाजीवर लिंबू पिळा. चहा जेवणापासून तासभर तरी लांब ठेवा.

गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, 180 दिवस. बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, कॅल्शियम लोहाची वाट अडवतं. दोघींत दोन तासांचं अंतर हवं. शौचाला काळी झाली तर घाबरून गोळ्या बंद करू नका. ते न शोषलेलं लोह असतं. मळमळत असेल, तर रात्री जेवणानंतर घ्या.

बाळंतपणात रक्त जातं. आधीच रक्त कमी असेल, तर जिवावर बेततं. गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल, तर आशाताईंना लगेच सांगा. गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती अंगी लागेल अशी घेणं आपल्या हातात आहे.