आमच्या घरची रुग्णवाहिका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या दारात रुग्णवाहिका उभी असते हे सगळ्यांना दिसते, पण तो धंदा चालतो कसा हे कुणाला ठाऊक नाही. त्यावर चार शब्द बोला." मी सातवी शिकलेली बाई. भाषण म्हटले की तोंडाला कोरड पडते. पण विषय घरचाच, म्हणून हो म्हटले.

आपली मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. डॉ. वानलेस यांचे रुग्णालय १८९४ सालचे. तेव्हापासून अथणी-विजापूरकडची माणसे उपचारांसाठी इकडे येत आली आहेत. आमच्या ह्यांनी २०१३ साली कर्ज काढून गाडी घेतली. गाडी चालवतात हे आणि माझे धाकटे दीर. फोन आणि वही मात्र माझ्याकडे. चादरी धुणे तर आलेच!

फोन बहुधा रात्री येतो. समोरचे माणूस घाबरलेले असते, कधी रडत असते, कधी नुसते कानडी बोलते. मला मात्र ठरलेले प्रश्न विचारावेच लागतात. कोठून कोठे न्यावयाचे? रोगी शुद्धीवर आहे का? ऑक्सिजन मिनिटाला किती लिटर चालू आहे? जिना किती मजल्यांचा? आणि तिकडच्या दवाखान्यात खाट ठरली आहे का? हा शेवटचा प्रश्न पुष्कळांना निर्दयपणाचा वाटतो. पण खाट न ठरवता पुण्याला जाऊन पोहोचले, म्हणजे रोग्याला गाडीत ठेवून या दारातून त्या दारात हिंडावे लागते. ते ज्यांनी भोगले आहे, ते तक्रार करीत नाहीत.

शाळेत हौद आणि नळाची गणिते असत, आठवतात ना? मला ती मुळीच आवडत नसत. आता रोज तीच करते. गाडीतली काळी, पांढऱ्या गळ्याची मध्यम टाकी असते, तिच्यात सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दहा लिटर लागले तर अडीच तासांत टाकी रिकामी. पुणे येथून सुमारे २३० किलोमीटर, जाण्यास साडेचार-पाच तास. म्हणजे दोन टाक्या अगदी काठोकाठ, आणि खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागली तर संपलेच. म्हणून तिसरी टाकी घेतल्यावाचून मी गाडी सोडू देत नाही. एका गृहस्थांनी "तिसरी नको, तेवढे भाडे कमी करा" असा आग्रह धरला. मी सांगितले, "तिसरीचे पैसे देऊ नका, पण टाकी जाईल." त्यांनी पुढे दिले की नाही, ते वहीत आहे, इथे सांगत नाही.

आता भाड्याचे. आम्हांला लोक मागे काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे. माणूस मरणाच्या दारी आणि ह्यांना पैसे सुचतात! बायांनो, डिझेल, टायर, विमा आणि बँकेचा हप्ता रोग्याची दशा पाहून थांबत नाहीत. परत येताना गाडी रिकामीच येते. दर परिवहन खात्याकडून ठरवून दिलेले असतात, आणि मी भाडे फोनवरच, गाडी निघण्याआधी सांगते. एकदा कराडच्या पुढे रोगी वारला. मुलगा म्हणाला, "पुण्याला गेलोच नाही, मग अर्धेच देतो." ह्यांनी निमूटपणे अर्धे घेतले. मला ते पटले नाही, अजून पटत नाही. पण त्या वेळी गाडीत त्या मुलासमोर हे होते, मी नव्हते.

खरी कुचंबणा वेगळीच आहे. काही ठिकाणी दवाखान्याच्या दारातला माणूस रोगी मिळवून देण्याबद्दल आपला वाटा मागतो. नाव घेत नाही. तो वाटा आम्ही खिशातून देणार नाही, म्हणजे तो रोग्याच्याच भाड्यात चढणार. आम्ही तो देत नाही. त्यामुळे आमची गाडी कधी कधी तीन-तीन दिवस दारात उभी राहते, आणि तुम्हांला वाटते, ह्यांचे बरे आहे, आराम चालला आहे! दीर म्हणतात, "वहिनी, सगळेच देतात." मुलीच्या कॉलेजची फी भरायची असली म्हणजे माझेही मन डळमळते. अजून तरी दिलेला नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाचे रोगी नेत असताना ह्याच गल्लीत गाडी लावू नका असे आम्हांला सांगण्यात आले. हे रात्री दोनला येत, गाडी पेट्रोलपंपावर ठेवून चालत घरी येत, अंगणात अंघोळ करीत. कोणी सांगितले ते विचारू नका. त्यांच्या घरचेही रोगी आम्ही नंतर नेले.

आता थोडे तुमच्या उपयोगाचे. अचानक अपघात, छातीत कळ, अडलेले बाळंतपण असे काही झाले तर पहिला फोन आम्हांला नव्हे, १०८ ला करा. ही सरकारी सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. लांबच्या दवाखान्यात हलवायचे असेल किंवा रोग्याला घरी आणावयाचे असेल, तर खासगी गाडी. गाडी कोणतीही येवो, एक माणूस विजेरी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे करा. घर शोधण्यात फार वेळ जातो. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात दहा हजार रुपये दंड आहे, पण आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आडव्या लावलेल्या स्कुटरींना तो कोण सांगणार? त्या कुणाच्या आहेत हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आज घरी गेल्यावर तेवढे सांगा.

काही विचारायचे असल्यास चहाच्या वेळी विचारा. मध्येच फोन वाजला तर उठून जाईन, राग मानू नका.