न समजलेले दुखणे



या व्यासपीठावरून आपण मोठमोठ्या डॉक्टरांची आणि प्राध्यापकांची व्याख्याने ऐकत आला आहात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे मागाच्या खात्यात आणि नगरवाचनालयाच्या टेबलावर झाले. तेव्हा हा युनियनचा माणूस मज्जासंस्थेच्या रोगाविषयी काय सांगणार, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात नवल नाही. आमच्या हातून एकदा एक चूक झाली. ती कशी झाली हे शोधता शोधता आम्हांला हा रोग कळला. ती चूक आणि तो रोग, दोन्ही आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहेत.

१९९८ सालची गोष्ट. आमच्या पेठेतल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात चाळिशीच्या एक बाई कांड्या भरीत असत. कामाला चोख, स्वभावाने बोलक्या. प्रथम त्यांची कंबर धरू लागली. मग पाठ अशी ताठली की खाली पडलेली कांडी वाकून उचलता येईना. पुढे विचित्रच प्रकार सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, कोणी मागून एकदम हाक मारली, खांद्यावर हात ठेवला, की पाय लाकडासारखे होत आणि बाई उभ्याच्या उभ्या आडव्या होत. पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो. त्यांचे हात पुढे येत नसत. कपाळाला दोनदा टाके पडले. कारखान्यापुढचा रस्ता मुलीचा हात धरल्याशिवाय त्यांना ओलांडवेना. आणि रात्री झोप लागली की अंग सैल पडे. जाग आली की पुन्हा ताठ.

या शेवटच्या गोष्टीनेच त्यांचा घात केला. झोपेत बरी असते, घरी निवांत असली की बरी असते, भोंगा झाला की पडते. मग हा आजार कसला? मुकादम म्हणाला, कामचुकारपणा. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचे काहीतरी आहे. देवऋषी झाला, उतारा झाला. एका डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो पाहिला, त्यात काही दिसले नाही म्हणून मनाचा रोग ठरवला. २००१ साली मालकाने त्यांना कामावरून कमी केले आणि प्रकरण युनियनकडे आले.

आमच्या कचेरीच्या बाकावर बसून बाई म्हणाल्या, “भाऊ, मी पडत नाही. माझं अंगच मला पाडतं.”

हे वाक्य आम्ही ऐकले आणि सोडून दिले. आम्ही म्हणालो, “ताई, मन घट्ट करा.” डॉक्टरचा दाखला नाही, फोटो स्वच्छ, प्रकरण कोर्टात टिकणार नाही, असा हिशेब आम्ही केला. थोड्याशा रकमेवर तडजोड झाली. त्या कागदावर कामगारांच्या बाजूने जी सही आहे, ती आमची आहे.

सात वर्षांनी, २००८ साली, मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासले. रक्ताची एक खास तपासणी करून घेतली आणि रोगाचे नाव लिहून दिले : स्टिफ पर्सन सिंड्रोम. आपण त्याला ताठर देहाचा विकार म्हणू. मुलीने तो कागद आणून आमच्या टेबलावर ठेवला. ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून आम्ही वाचावयास बसलो.

मंडळी, आपण बसल्या जागी हात कोपरात वाकवून पाहा. दंडाचा पुढचा स्नायू आखडतो आणि त्याच क्षणी मागचा स्नायू सैल सुटतो. दोघेही एकदम आखडले तर काय होईल? रस्सीखेचीत दोन्ही पक्ष सारख्याच जोराने ओढू लागले की दोर जागचा हलत नाही, पण तुटेपर्यंत ताणला जातो. या रोगात कंबरेला, पोटाला, पायांना नेमके हेच होते. पेटका कधी कधी इतक्या जोराचा येतो की हाड मोडते.

स्नायूला सैल सोडण्याचा हुकूम मेंदू आणि मज्जारज्जू देतात, आणि त्या हुकमाचे एक वाहन म्हणजे ‘गाबा’ नावाचे रसायन. मागावर काम केलेल्यांना हे लवकर कळेल. माग चालवायला मोटर लागते, तितकेच त्याला थांबवणारे साधनही लागते. आडवा धागा तुटला की माग थांबला पाहिजे. न थांबला तर सारे कापड वाया. गाबा हे शरीरातले थांबवणारे साधन होय. ते तयार करणाऱ्या विकराला ‘गॅड’ म्हणतात. या रोगाच्या बहुसंख्य रोग्यांच्या रक्तात या गॅडवरच उलटलेली प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात सापडतात. रोगजंतूंशी लढण्यासाठी ठेवलेले पहारेकरी घरच्याच माणसावर धावून जावेत, तसा हा प्रकार. तीच प्रतिपिंडे हा बिघाड घडवतात की ती बिघाडाची केवळ खूण आहेत, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. गॅड स्वादुपिंडातही असते. म्हणून यांतल्या पुष्कळ रोग्यांना मधुमेहही जडलेला असतो.

धनुर्वात आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातही जंतूचे विष हेच थांबवणारे साधन निकामी करते, आणि जरा आवाज झाला तरी रोगी कमानीसारखा वाकतो. धनुर्वात झालेल्या माणसाला ‘नाटक करतोस’ असे कोणी म्हणत नाही, कारण पायात घुसलेला खिळा दाखवता येतो. आमच्या बाईंजवळ दाखवायला खिळा नव्हता.

भीतीचेही तसेच. अशा रोग्याला मोकळा रस्ता ओलांडण्याची धास्ती वाटते. बघणाऱ्यांनी ठरवले, की भित्री आहे म्हणून पडते. वास्तविक मोटारीचा कर्णा वाजला तर रस्त्याच्या मध्यावर आपले अंग लाकूड होईल, हे ज्याला अनुभवाने ठाऊक आहे, तो भिणार नाही तर काय करील? मनाला धक्का बसला की पेटका येतो हे खरे, पण म्हणून रोग खोटा ठरत नाही. स्नायूत बारीक सुई घालून विजेची नोंद घेतात. निरोगी माणूस स्वस्थ पडला की ती नोंद शांत होते. या रोग्याला कितीही सैल सोडायला सांगा, वीज चालूच राहते.

आता हा रोग उमगला कसा, ते ऐका. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचे गाव आहे. तिथल्या मेयो क्लिनिकमध्ये १९२४ साली आयोवा राज्यातला एक शेतकरी आला. वय ४९. अंग ताठते, चालवत नाही, आणि कोसळतो तो लाकडी माणसासारखा, अशी त्याची तक्रार. रोगाचे नाव कोणालाच सांगता येईना. पण त्याची हकीकत टिपून ठेवली गेली. पुढे तशीच माणसे अधूनमधून येत राहिली. ३२ वर्षांत अशी १४ प्रकरणे जमली, आणि १९५६ साली मोर्श आणि वोल्टमन या दोन डॉक्टरांनी ती एकत्र मांडून रोगाला ‘स्टिफ मॅन’ असे नाव दिले. नावात पुरुष आला खरा, परंतु पुढे दिसून आले की या रोगाचा भार स्त्रियांवर जास्त, पुरुषांच्या सुमारे दुप्पट. मग ‘मॅन’ जाऊन ‘पर्सन’ झाले. रोग अतिशय दुर्मिळ. दहा लाखांत एखाद-दुसरा.

१९६३ साली डायझेपाम या औषधाने आराम पडतो असे आढळले. ते औषध गाबाचा परिणाम वाढवते. १९८८ साली गॅडवरच्या प्रतिपिंडांचा शोध लागला, आणि रोग्याच्या बाजूने रक्तच साक्ष देऊ लागले. १९८८! आम्ही सही केली ती २००१ साली. जगाला तेरा वर्षे ठाऊक असलेली गोष्ट आमच्या पेठेत पोचली नव्हती, आणि आम्हीही ती शोधावयास निघालो नव्हतो.

२००१ याच साली अमेरिकेत १६ रोग्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे शिरेवाटे दिल्यावर ताठरता कमी होते, असे त्यात दिसले. हे औषध हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून बनवतात. आम्ही जन्मभर वर्गणी गोळा करणारी माणसे. एका माणसाच्या पाठीचा कणा सैल व्हावा म्हणून हजारांनी दिलेली ही वर्गणी वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. औषध फार महाग आहे, हेही सांगितले पाहिजे. रोग मुळातून बरा करणारा उपाय अजून नाही. ताठरता आणि पेटके आटोक्यात ठेवणारे उपाय आहेत.

२०२२ च्या डिसेंबरात सेलीन डिऑन या कॅनडाच्या विख्यात गायिकेने आपल्याला हाच रोग असल्याचे जाहीर केले, आणि त्याचे नाव जगभर झाले. २०२४ च्या जुलैत पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आयफेल मनोऱ्यावर उभे राहून त्या पुन्हा गायिल्या. आम्हांला आनंद झाला. एका गायिकेच्या धैर्यामुळे अनेक अनामिक रोग्यांवर लोक विश्वास ठेवतील. पण गायिका पडेपर्यंत थांबावे लागू नये, अशी आमची इच्छा आहे.

कोणी म्हणेल, दहा लाखांत एखाद्याला होणाऱ्या रोगासाठी हा खटाटोप कशाला? आम्हीही पूर्वी असेच म्हणालो असतो. परंतु विचार करा. त्या शेतकऱ्याचे दुखणे रॉचेस्टरच्या डॉक्टरांनाही १९२४ साली कळले नव्हते. तरी त्यांनी कागद जपून ठेवला, आणि आम्ही कागद मिटवून टाकला. दोन्हींत फरक आहे तो एवढाच, आणि त्याला विद्वत्ता लागत नाही. खोटी रजा घेणारा एखादा कामगार असतो, हे आम्ही नाकारत नाही. तीस वर्षे आम्ही त्यांनाही पाहिले आहे. परंतु त्या एकाला पकडण्यासाठी नऊ जणांच्या वेदनेला खोटे म्हणण्याचा अधिकार मालकालाही नाही आणि युनियनलाही नाही.

आमच्या कचेरीत आता एक निराळी वही आहे. ज्या दुखण्याचा उलगडा होत नाही ते माणसाच्या स्वतःच्या शब्दांत, तारखेसह तीत लिहितो : केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, कशाने थांबते. कोणतेही पान ‘काही नाही’ असे लिहून बंद करीत नाही. मोठ्या रुग्णालयात दाखवेपर्यंत ते उघडे राहते. हे काम घरातही करता येण्याजोगे आहे. आपल्या घरातल्या कोणाचे दुखणे ‘मनाचे’ ठरवण्यापूर्वी त्याची एक वही जरूर करा.

२००८ साली तो कागद हाती आल्यावर आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. औषधाने थोडा फरक पडू लागला होता; भिंतीला धरून त्या खोलीतल्या खोलीत चालत होत्या. आम्ही क्षमा मागितली. त्यांनी चहा करायला सांगितला. तडजोडीविषयी एक शब्द काढला नाही. आम्ही निघालो तेव्हा मात्र म्हणाल्या, “भाऊ, जाताना दार तेवढं हळू लावा.”

आमची सात वर्षांची चूक त्या दारापाशी आम्हांला पुरती कळली. त्या घरी आजही जाणे होते. बाई काठी घेऊन चालतात. दार आम्ही हळूच लावतो.