हृदयविकार : पूर्वसूचना ओळखा, वेळ वाचवा

(शिरढोण येथील हृदयरोग तपासणी शिबिराच्या प्रसंगी रुग्णालयाच्या वतीने केलेले भाषण)



आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावी झाला. या भूमीस आम्ही प्रथम वंदन करतो. पुण्यास सरकारी नोकरीत असताना आई अत्यवस्थ असल्याचे त्यांना कळले. परंतु रजा वेळेवर मिळाली नाही आणि आईची अखेरची भेट हुकली, हा प्रसंग त्यांच्या चरित्रातून आपण सर्वांनी वाचला आहे. वेळ हुकण्याचे दुःख काय असते, हे या गावाला आम्ही वेगळे सांगावयास नको. आजचा आमचा विषयही वेळेचाच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पन्नाशीचे एक शेतकरी गृहस्थ आले. पहाटे त्यांच्या छातीवर दडपण आले आणि दरदरून घाम सुटला. घरच्यांनी ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा दिला, ओव्याचे पाणी दिले, पाठ शेकली. दुपारी दम लागला तेव्हा गाडी काढली. रस्त्यात अर्धा तासही गेला नाही. आधीचे सात तास मात्र घरातच गेले होते. त्यांचा जीव वाचला, पण हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग कायमचा निकामी झाला. नांगर धरणारा हा माणूस पुढे चार पायऱ्या चढतानाही थांबू लागला. शिरढोण मुंबई-गोवा महामार्गालगत आहे, पनवेल जवळ आहे. तेव्हा उशीर बहुधा रस्त्यावर होत नाही, तो उंबरठ्याच्या आत होतो, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

आपले हृदय मुठीएवढे असून ते दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या आतील थरात वर्षानुवर्षे चरबीयुक्त पदार्थ साचत राहतात. एखाद्या दिवशी हा साचलेला थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाहिनी बंद होते. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. रक्त पूर्णपणे थांबल्यापासून अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरू लागतो आणि पुढील काही तासांत ही हानी वाढत जाते. गुठळी विरघळविणारे औषध असो वा अँजिओप्लास्टी असो, जितके लवकर तितका अधिक स्नायू वाचतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत करणारे औषध आमच्यापाशी नाही.

पुढील लक्षणे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावीत :

१. छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे वा जड वाटणे. रुग्ण बहुधा एका बोटाने जागा दाखवीत नाही, तळहात छातीवर ठेवतो.
२. ही वेदना डाव्या वा दोन्ही हातांत, खांद्यात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरणे.
३. थंड घाम, धाप, मळमळ, चक्कर, एकाएकी आलेला विलक्षण थकवा.
४. चालताना वा चढ चढताना छातीत भरून येणे व विश्रांती घेताच थांबणे. ही झटक्यापूर्वीची सूचना असू शकते. असे दुखणे नव्याने सुरू झाले, वाढू लागले किंवा बसल्या जागी होऊ लागले, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत वेदना नसतानाही झटका येऊ शकतो. केवळ दम लागतो किंवा गळून गेल्यासारखे होते. घरातील माउली ‘मला काही झालेले नाही’ म्हणून कामाला लागते, तेव्हा तिचे म्हणणे प्रमाण मानू नये.

अशा वेळी रुग्णाला बसवावे, चालवू नये, स्वतः वाहन चालवू देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ॲस्पिरिनची ॲलर्जी वा रक्तस्रावाचा विकार नसल्यास डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाण्यास द्यावी. रुग्ण बेशुद्ध होऊन त्याचा श्वास थांबल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोराने दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. पहिला ईसीजी निर्दोष आला तरी निर्धास्त होऊ नये. तो पुन्हा काढावा लागतो.

हा आजार म्हातारपणाचा आहे, हा समजही सोडावा. डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात असे दिसले, की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाजी-फळांचा व व्यायामाचा अभाव ही कारणे जगभर सारखीच आढळली. आपल्याकडील मशेरीही तंबाखूच आहे, हे भगिनींनी विसरू नये. ज्ञान असूनही कोणी यातून सुटत नाही. हजारो हृदये दुरुस्त करणारे मुंबईचे शल्यविशारद डॉ. नितू मांडके यांना मे २००३ मध्ये हृदयविकारानेच आपल्यातून नेले.

कित्येक कुटुंबे खर्चाच्या भीतीने थांबतात. त्यांनी हे जाणून घ्यावे, की मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. प्राणसंकटातील रुग्णाला तात्काळ दाखल करून घेणे, हेही या रुग्णालयांचे कर्तव्य आहे. प्रथम रुग्ण आणावा, कागदपत्रे मागाहून आणता येतात.

देणगीदारांच्या औदार्यातून यंत्रे येतात, औषधे येतात. त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. परंतु ईसीजीचे यंत्र कितीही चांगले असले, तरी घरी सोड्याची बाटली शोधणाऱ्या रुग्णापर्यंत ते पोहोचू शकत नाही. तेवढे अंतर आपणांस कापावयाचे आहे. छातीतील दुखणे पित्ताचेच निघाले, तर आपण रात्री-अपरात्री धावपळ केली म्हणून आम्ही कधीही हसणार नाही. ‘काही नाही, घरी जा’ असे सांगण्यासारखा आनंद आम्हांस दुसरा नाही.