घरातील विजेची ग्रिल



महिला शाखेने आम्हांस या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा आमच्या घरी हशा पिकला. ज्याने जन्मात चहापलीकडे काही केले नाही, त्याने स्वयंपाकघरावर भाषण करावे! परंतु या यंत्रापायी आमच्या हातून दोन चुका झाल्या आहेत. तेवढ्याच अधिकारावर आम्ही उभे आहोत.

आमची थोरली बहीण अक्का आमच्याकडेच असते. वय ब्याऐंशी. गॅसच्या ज्योतीवर वांगे भाजीत असता एके दिवशी तिच्या पदराने पेट घेतला. सूनबाई जवळ होती म्हणून निभावले. त्याच संध्याकाळी विजेची ग्रिल आणावयाचे ठरले.

पहिली चूक विजेची. ग्रिल 1500 वॉटची. आमच्या ओट्याजवळचा प्लगपॉइंट साधा, 6 अँपिअरचा. 230 व्होल्टला 6 ने गुणिले तर 1380 वॉट होतात. म्हणजे भार त्याच्या शक्तीबाहेरचा. हा गुणाकार आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर मांडीत आलो आणि घरी मात्र जाड पिनेचा प्लग मल्टिप्लग लावून त्यात बसविला! चौथ्या दिवशी जळका वास आला, प्लगपॉइंट वितळून काळा पडला. तरी ग्रिलच्या आधी भिंत पाहा. 16 अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट नसेल, तर प्रथम तो वायरमनकडून बसवून घ्या. परदेशस्थ चिरंजीवांनी अमेरिकेतून ग्रिल पाठविली असेल, तर तिच्यावरील अक्षरे वाचावीत. तिकडची वीज 120 व्होल्टची. नुसत्या 120 व्होल्टची ग्रिल आपल्याकडे लावली, तर ती सुमारे पावणेचार पट शक्ती ओढू पाहील आणि जळेल. खर्चाचे भय मात्र नको. 1500 वॉटची ग्रिल अखंड वीस मिनिटे तापली तरी अर्धेच युनिट जाते.

आता प्रकार. एक उघडी, एकाच खाचदार तव्याची. दुसरी मिटणारी, वरखाली दोन तव्यांची. मिटणारीत दोन्ही बाजू एकदम भाजतात, वेळ वाचतो. सुरमईच्या पातळ तुकड्या, पनीर, सँडविच यांस ती उत्तम. पण अख्खा बांगडा तीत चेपतो; वरचा तवा पदार्थाच्या जाडीप्रमाणे उचलला जाईल अशी बिजागरी हवी. धूर होतो तो चरबी तापल्या भागावर पडून जळते म्हणून. यास्तव तवा उतरता असावा आणि ओघळ खालच्या ताटलीत जावा. अमेरिकेत 1994 साली मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन यांच्या नावाने निघालेली ग्रिल अशाच उतरत्या तव्याची होती. पेटीवर ‘बिनधुराची’ असे छापलेले असते. धूर कमी होतो, एवढेच त्यातील खरे. खिडकी उघडी ठेवावीच.

दुसरी चूक आम्हांस अधिक बोचली. आमच्या ग्रिलचे तवे पक्के जडविलेले होते. बुधवारी तीवर मासळी झाली. अक्का विवाहानंतर थोड्याच वर्षांत विधवा झाली. तेव्हापासून तिने मासळी वर्ज्य केली आहे. असे वर्ज्य करणे योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. तो आम्ही तिच्याशी पुष्कळ घालून हरलो आहोत. सूनबाई ओल्या फडक्याने तवे पुसून पुसून थकली, पण खाचांतला वास जाईना. अक्का काही बोलली नाही. दोन दिवसांनी पाहतो तो ती पुन्हा गॅसपाशी, पदर खोचून, वांगे फिरवीत उभी! जिच्यासाठी यंत्र आणले, तिलाच ते परके झाले होते.

ती ग्रिल पुतण्यास दिली. दुसरी आणताना अक्कास दुकानात बरोबर नेले. तवे निघतात की नाही, हे तिने स्वतः काढून पाहिले आणि वजन मनगटास पेलते का, तेही पाहिले. तव्यांची दुसरी जोडी वेगळी विकत घेतली. ती अक्काच्या फडताळात असते. तव्यांवरचा लेप स्टीलच्या उलथण्याने खरवडतो, म्हणून लाकडी कालथा आणला.

ग्रिलवर उभी चिरलेली वांगी मऊ होतात, परंतु ज्योतीचा खमंगपणा त्यांस येत नाही. अक्काच्या मते ते भरीतच नव्हे. तेव्हा भरिताचे वांगे अजून गॅसवरच भाजले जाते. फक्त ते आता सूनबाई भाजते आणि अक्का खुर्चीवर बसून सूचना देते.